व्हिडिओतला हात

त्या व्हिडिओत हात हलतो, हे खरं आहे. मी तो किती वेळा पाहिला त्याचा हिशेब नाही. ट्रॅक्टरची ट्रॉली, ट्रॉलीत खुर्ची, खुर्चीवर फुलांनी सजवून बसवलेले आमच्या शेजारचे किराणा दुकानदार. कपाळभर भस्म, अंगावर शाल, पुढं भजन म्हणत चाललेली माणसं. वेशीजवळच्या खड्ड्यात ट्रॉली आदळते आणि शालीबाहेर दिसणारा डावा हात वर उचलला जातो, बोटं मिटतात. खाली कुणीतरी लिहिलेलं: 'जमिनीसाठी पोरानं बापाला जिवंत पुरलं. परभणी जिल्ह्यातली घटना. हात नीट बघा.'

दुकानदार मेलेलेच होते. त्या सकाळी त्यांच्या बायकोनं भिंतीपलीकडून हाक मारली तेव्हा सगळ्यांत आधी मी पोचले होते. पायाला हात लावला तर पाय थंडगार. ते शिवभक्त घराणं, गळ्यात लिंग धारण करणारं. त्यांच्यात दहन करत नाहीत. मयताला बसवून मिरवत नेतात आणि बसलेलंच मातीत ठेवतात. आमच्या भागात हे लहान लेकरांनाही ठाऊक आहे. पण व्हिडिओ आमच्या भागापुरता राहिला नाही. आणि तो बाहेर फिरून परत आला तेव्हा गावातलेच लोक, स्वतः मातीला हजर असलेले, दबक्या आवाजात म्हणू लागले, "हात तर हालला ना पण."

असल्या गोष्टी तपासणं हेच माझं काम होतं. शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यावर मी पुण्यातल्या एका संस्थेसाठी हे करू लागले. मोबाईलवर काही फिरायला लागलं की त्याचं मूळ शोधायचं, दोन्ही बाजूंना विचारायचं, लेख लिहायचा आणि शेवटी एकच शब्द टाकायचा: खरं, अर्धवट किंवा खोटं. चारठाण्याच्या जुन्या देवळात दगडातून दूध येतंय, असा एक फोटो आला होता. तो दुसऱ्याच राज्यातला निघाला. त्यावर कुणी रागावलं नाही. राजकारणातलं काही तपासलं की मात्र पाथरीच्या जीपमध्येसुद्धा कुणीतरी गाठायचं. "बाई, तुमची ती संस्था त्येंचीच हाय म्हणं." 'ते' म्हणजे कोण, हे विचारणाऱ्याच्या पक्षावर अवलंबून. माझा स्वभाव तिखट. मी तिथल्या तिथं सुनवायची. दोन्हीकडचे लोक शिव्या घालतात म्हणजे आपण बरोबर मधे उभे आहोत, असं मी अभिमानानं सांगत असे. ते खरं नव्हतं आणि मला ते ठाऊक होतं.

आदल्या वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक झाली. सरपंचपदाला एका पॅनलकडून दुकानदाराचा मुलगा उभा होता. माझ्या हाताखाली चौथीपर्यंत शिकलेला. दुसऱ्या पॅनलकडून, मी लहानाची मोठी झाले त्या आमच्या बौद्ध वस्तीतली, माझ्या चुलतभावाची सून. मतदानाला दोन दिवस उरले असताना एक क्लिप फिरली. त्यात हा मुलगा सभेत म्हणतो, "मी निवडून आलो की त्या वस्तीचं पाणी बंद करतो." वस्ती पेटून उठली. त्याच संध्याकाळी त्याची आई तिचा मोबाईल घेऊन माझ्याकडं आली. त्यात सबंध भाषण होतं. "समोरचे म्हणायलेत, मी निवडून आलो की त्या वस्तीचं पाणी बंद करतो. अरे, ती पाईपलाईन माझ्या बापानं तहसीलला खेटे घालून आणली!" मागचं-पुढचं कापून मधलं वाक्य फिरवलं होतं. मी तिच्या देखत ते पाहिलं आणि स्वतःच्या मोबाईलवर घेतलं.

त्या दिवशीच 'खोटं' असं लिहायला हवं होतं. मी पुण्याला कळवलं की आवाजाची खात्री करायची आहे, थोडा वेळ लागेल. खात्री कसली करायची होती? पहिलीपासून ऐकलेला आवाज तो. पण मी लहान असताना आमच्या आयाबाया विहिरीच्या काठाशी घागरी घेऊन ताटकळत उभ्या राहायच्या, कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून. ते मी विसरलेली नाही. आमच्या घरची बाई सरपंच होतेय, एवढं एक कापलेलं वाक्य आपल्या बाजूनं पडलं तर काय बिघडलं, असं मला वाटलं. मतदान झाल्यावर मी लेख पाठवला आणि खाली लिहिलं, 'अर्धवट'. पुण्यानं एक प्रश्न न विचारता छापला. मुलगा थोडक्यात पडला.

त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं. त्याची आई मात्र भिंतीवरून भाजीची वाटी देत राहिली. मला त्या वाटीची लाज वाटायची, तरी मी घ्यायची.

आता तिचाच नवरा त्या व्हिडिओत होता. माती देऊन चौथा दिवस उजाडला तेव्हा पोलीस आले. कुणीतरी लेखी अर्ज दिला होता. म्हातारे झोपेतच गेल्यामुळं डॉक्टरचा कागद नव्हता. साहेब सरळ होते. म्हणाले, "आमच्यावर वरून दबाव आहे. परवा सकाळी तहसीलदार येतील, डॉक्टर येतील, उकरून पाहावं लागेल."

ते गेल्यावर ती माझ्या दारात आली. आत ये म्हटलं तरी येईना. उंबऱ्यातच बसली.

"बाई, तेवढं त्येंला उठवू देऊ नका. जमीन जाऊ द्या, दुकान जाऊ द्या. बसवलेल्या माणसाला आमच्यात उठवत न्हाईत. तुमी लिव्हा कायतरी."

मी लिहिते म्हटलं. पण हात का हलला, हे मला स्वतःला माहीत नव्हतं. मी तिच्या मुलाला विचारायला गेले. तो ओसरीवर बसला होता. वर न बघता म्हणाला, "कशाला? अर्धवट लिवायला?"

मी उलट्या पावली परत आले. शेवटी त्याच्या आईनंच सांगितलं. मयताच्या डाव्या तळव्यावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात आणि मातीत बसवेपर्यंत ते खाली पडता कामा नये. म्हणून ट्रॉलीत खुर्चीच्या मागं, शालीच्या आत, मुलगा गुडघ्यांवर बसला होता. वेशीपासून मळ्यापर्यंत बापाचं मनगट खालून धरून. खड्ड्यात दणका बसला, लिंग निसटतंय असं वाटलं, तसा त्यानं हात वर उचलला आणि शालीच्या काठाआडून बापाची बोटं आपल्या बोटांनी मिटवली.

मी आयुष्यात इतका काळजीपूर्वक लेख लिहिला नाही. विधी करणाऱ्या जंगम स्वामींना विचारलं, ट्रॅक्टर चालवणाऱ्याला विचारलं, खांद्याच्या मागं शाल फुगलेली दिसते ते चित्र थांबवून दाखवलं. शेवटी शब्द टाकला: 'खोटं'. दुपारी लेख आला आणि तासाभरात उत्तरं. 'ही त्यांची शेजारीण आहे.' 'निवडणुकीत पाण्याच्या क्लिपला अर्धवट म्हणणारी हीच ना?' आमच्या वस्तीतून फोन आले, "आत्ता बरा तुम्हाला त्यांचा पुळका आला?" मग पुण्याचा फोन.

"बाई, त्या कुटुंबाशी तुमचा काही संबंध?"

"भिंतीला भिंत आहे."

"मग आम्हाला लेख काढून टाकावा लागेल. आपल्यावर आधीच एका बाजूचे म्हणून आरोप होतात."

मी फोनवर ओरडले. तुमच्या नाकाखालून वाकडा लेख गेला तेव्हा कुणी संबंध विचारला नाही, आणि सरळ लेख मात्र तुम्हाला टोचला! कुठला वाकडा लेख, असं पलीकडून विचारलं गेलं. मी फोन ठेवला.

लेख काढून टाकला गेला. उकरायला एक दिवस उरला होता. मी पदर खोचला आणि पुन्हा त्या ओसरीवर गेले. बसले नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं: सबंध भाषणाचा व्हिडिओ माझ्याकडं पहिल्या दिवसापासून होता, मी मुद्दाम थांबले, 'अर्धवट' हा शब्द मी जाणूनबुजून टाकला.

"मला ठाऊक हाय," तो म्हणाला. "आईनं माझ्या देखत मोबाईल घेतला न्हवं, तुमच्याकडं यायला. आता कशाला सांगायलाव?"

"उद्या लोकांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा म्हणून. मी हे सगळ्यांपुढं बोलणार आहे. त्यासोबत तू हाताचं सांग."

"म्हंजे माझ्या बापाच्या मयतीवर तुमी तुमचा इमान धुवून घेणार."

आत भांड्यांचा आवाज होत होता, तो थांबला. मुलगा उठला, शर्टाची बटणं लावली आणि भिंतीला टेकून उभा राहिला. "घ्या. काढा व्हिडिओ."

आधी मी बोलले. "निवडणुकीत मी खोट्याला अर्धवट म्हटलं. म्हणून आज मी खोट्याला खोटं म्हणते, तर तुमचा विश्वास बसत नाही. चूक माझी आहे. तिची शिक्षा या घराला देऊ नका." मग तो बोलला, मनगट कसं धरलं होतं ते स्वतःचा हात पुढं करून दाखवत. मी काही न कापता सगळं मोबाईलवर टाकलं.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ जिल्हाभर झाला. फक्त माझं पहिलं वाक्य. "निवडणुकीत मी खोट्याला अर्धवट म्हटलं," एवढंच, आणि खाली: 'तपासणाऱ्या बाईंचीच कबुली. आता पुरलेल्याचं सत्य बाहेर काढा.' त्याचं बोलणं कुणी पुढं पाठवलंच नाही. आमची सरपंच सूनबाई फाटकात आली. "आत्याबाई, माझी इज्जत अशी चव्हाट्यावर मांडलीत!" एवढं बोलून रडत निघून गेली. पुण्यानं दोन ओळींत कळवलं की यापुढं माझं काम थांबवत आहोत. मला राग आला नाही. रागवायला तोंड कुठं होतं?

सकाळी मळ्यात ताडपत्र्या लावून आडोसा केला. बाहेर मोबाईल उंच धरून अर्धा गाव उभा. दुकानदाराची बायको इतर बायकांसोबत लिंबाच्या झाडाखाली, आडोशाकडं पाठ करून बसली होती. आत जे दिसेल त्यावर सही करायला दोन पंच हवे होते. एक म्हणून तलाठ्यानं शिपाई आणला. दुसरं कुणी पुढं येईना. या पॅनलचा आला तर त्या पॅनलचे ओरडणार, त्याचा आला तर हे.

"बाईंला घ्या," मुलगा म्हणाला.

तहसीलदारांनी माझ्याकडं पाहिलं. तो व्हिडिओ त्यांनीही पाहिलेला दिसत होता. "यांच्याबद्दल तर..."

"मला म्हाईत हाय. घ्या त्येंलाच."

मी आत गेले. माती, मग मीठ, मग भस्मात मिसळलेली बेलाची पानं. ते बसलेले होते. डाव्या तळव्यावर लिंग होतं आणि त्यावर बोटं मिटलेली, जशी ठेवली होती तशी. मातीत कुठं खरवडलेलं नाही, तोंडात माती नाही, धडपडीची काही खूण नाही. डॉक्टर वरून पाहून थांबतील असं मला वाटलं होतं. थांबले नाहीत. त्यांना सगळीकडून तपासायचं होतं. चार मजुरांनी दुकानदारांना उचलून बाहेर काढलं आणि प्लास्टिकच्या कागदावर आडवं केलं. मुलगा ताडपत्रीच्या बांबूला धरून उभा होता. मी त्याच्याकडं बघितलं नाही, बघवलंच नसतं. काम उरकल्यावर तो खड्ड्यात उतरला आणि बापाला त्यानं स्वतःच्या हातानं परत बसवलं. लिंग घसरू नये म्हणून डावं मनगट धरून.

पंचनाम्यात लिहिलं, संशयास्पद काही नाही. मी वाचलं आणि सही केली.

बाहेर आले तर ती उठून उभी राहिली. माझ्या पायांची माती बघितली, मग तोंडाकडं बघितलं.

"बाई, खरं सांगा. उठवलं का त्येंला?"

मुलगा माझ्या मागं येऊन थांबला होता. कोपरापर्यंत त्याचे हात भस्मानं माखलेले. त्यानं ते पाठीमागं नेले.

"नाही," मी म्हणाले. "वरूनच बघितलं. बसलेलेच आहेत."

तिनं डोळे पुसले आणि बायकांकडं वळून म्हणाली, "बाईंनी सोता बघितलंय. त्येंला न्हाई उठवलं."