सतेश्वरीदीदीचा मंत्र

ऋषिकेशच्या आश्रमात चाळीस वर्षं भांडी घासणारी सतेश्वरीदीदी रोज पहाटे गुरूनं कानात दिलेला मंत्र जपायची. तो कुणाला सांगायचा नाही, लिहायचाही नाही, म्हणून नवऱ्यालाही कधी कळला नाही. माघात तिला मेंदूचा झटका आला. हातपाय वाचले, मंत्र मात्र पार विसरली. गुरू तर केव्हाच वारले होते.

“मग राम राम म्हण ना! देव काय परीक्षा घेतोय?” मोर्च्यांच्या कामासाठी आश्रमात उतरलेला मी तडकलो.

“तू मोर्चे काढ, भैया. यातलं तुला कळत नाही.”

गुरुभाऊ घनानंद कळवळला. “दीदी, माझा घे,” म्हणत तो तिच्या कानाशी वाकला. तिनं दोन्ही कान गच्च दाबले. “मूर्खा, सांगितलास तर तुझाही जाईल!”

अजून ती पहाटे माळ घेऊन बसते, पण मणी एकही सरकत नाही.