रोयणीवरची लाल फीत

सुर्ल्याच्या खाणीवर माझं काम नमुने गोळा करायचं. डोंगरावर जिथली मूठभर माती उचलायची तिथे खुंटी मारायची, खुंटीला लाल फीत बांधायची, फितीवर नंबर घालायचा आणि तोच नंबर पिशवीवर आणि वहीत लिहायचा. ‘फीत नाही तर नमुना नाही, नुसती माती,’ असं आमचे साहेब म्हणत. ते इतकी वर्षं ऐकलं की पुढे पुढे पाहण्यासारखं काहीही दिसलं तरी माझा हात आपोआप खिशातल्या रिळाकडे जायचा.

रानाचं वेड मला खाणीवरच लागलं, हे सांगितलं तर लोक हसतात. खाण म्हटली की त्यांना लाल धूळ आणि ट्रकांची रांगच आठवते. पण टाकाऊ मातीच्या डंपांवर अकेशियाची झाडं लावलेली होती आणि एका पावसाळ्यात त्यांच्या मुळाशी मला वाळक्या शेणाच्या गोळ्यासारखं काहीतरी दिसलं. मी बुटाने ते उडवलं. आतून तपकिरीसारखी पूड उडाली. हे काय आहे म्हणून दोन महिने शोधत होतो, तेव्हा कुठे कळलं की ती एक बुरशी आहे. झाडाच्या मुळांना ती वेढून राहते, जिथे गवतसुद्धा यायला तयार नसतं तिथे झाडाला पाणी आणि क्षार पुरवते आणि बदल्यात झाडाकडून साखर घेते. एवढं वाचल्यावर मला माझ्या बुटाची लाज वाटली.

त्यानंतर मी जेवणाच्या सुट्टीत जेवत नसे. भिंग घेऊन फिरत असे. सड्याच्या उघड्या कातळावर सीतेची आसवं कधी फुलतात, दवबिंदू नावाच्या कीटक खाणाऱ्या रोपट्याच्या चिकट पानावर माशी बसली की किती वेळ धडपडते, कुजक्या ओंडक्यावरची बुरशी कोणत्या कडेने वाढते, असल्या गोष्टी वहीत जमू लागल्या. मातीचे नमुने एका वहीत, माझे दुसरीत. साहेबांनी एकदा चुकून दुसरी वही उघडली, दोन पानं वाचली आणि काही न बोलता परत दिली. भला माणूस.

मग खाणी बंद पडल्या. मी कोरगावला घरी आलो तो फितीची अर्धी पेटी बरोबर घेऊनच. घरच्या डोंगरावर मी पुन्हा एकपासून नंबर घालायला सुरुवात केली. कुड्याच्या झुडपाला फीत, रानहळदीच्या कंदाशी खुंटी आणि फीत, मोडलेल्या काजूच्या बुंध्यावर बुरशीचा पंखा आला तर तिथेही फीत. बायको म्हणायची, ‘सरकारात लालफीत कागदांना असते, आमच्याकडे रानाला आहे. कामं दोन्हीकडे होत नाहीत.’

आमच्या शेजारी भावकीतली एक काकी राहते. वय सत्तरीच्या पुढे, पाठ थोडी वाकलेली, जीभ मात्र सरळ. दर श्रावणात तिच्या घरातून अळम्यांच्या, म्हणजे रानातल्या भूछत्रांच्या, शागोतीचा वास यायचा आणि आजूबाजूची घरं, सगळा वाडाच, अस्वस्थ व्हायचा. श्रावणात आमच्याकडे मासळी बंद, त्यामुळे अळमी म्हणजे मोठीच चैन. बाकीच्यांना कधी मिळत, कधी नाही. काकीला नेहमी मिळत. कुठून, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. ती पहाटे टोपली घेऊन एका वाटेने जायची आणि दुसऱ्याच वाटेने परत यायची. तिच्या सुनांनीही एकदा मागावर राहून पाहिलं, तर काकीने त्यांना अख्खा डोंगर फिरवून रिकाम्या टोपलीने घरी आणलं. अळम्यांची जागा आमच्याकडे कुणी कुणाला सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. विचारणं हाच आगाऊपणा.

मी विचारलं नाही. मी फक्त तिच्या अंगणात बसून वाळवीची गोष्ट सांगितली. रोयण म्हणजे वारूळ, आणि मोठी अळमी येतात ती रोयणीवरच, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. का येतात ते ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, ‘काकी, आत वाळवीचा मळा असतो. ती पानंकाटक्या चावून आणते, त्याचा लगदा करते आणि त्याच्यावर बुरशी पेरते. ती बुरशी खाऊन वाळवी जगते. आपण काढतो ते त्या मळ्याचं फूल. आणि मळा कोंदट होऊ नये म्हणून रोयणीला हवा खेळायची भोकं असतात.’

काकी तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

‘म्हणजे ती पण शेतकरीच?’

‘तुझ्यापेक्षा जुनी.’

दुसऱ्या दिवशी पहाटे दारात येऊन म्हणाली, ‘चल. पण कोणाक सांगशीत तर बघ, झिला.’

तिने मला जी जागा दाखवली ती घरापासून दहा मिनिटांवर होती, सगळ्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटेला लागून, फक्त करवंदीच्या जाळीमागे. कमरेएवढी रोयण, तिच्या अंगातून वर आलेला कुडा, आणि पायथ्याशी चाळीस-पन्नास कळे, जमिनीतून नुसती नाकं वर काढलेली. काकी ती काढताना मुळाशी बोट घालून हळूच फिरवायची आणि खड्डा पुन्हा बोटानेच बुजवायची. लोखंड लावायचं नाही, उमलू द्यायची नाहीत, उमलली की चव गेली. सासूने तिला हे शिकवलं होतं आणि सासू गेल्यापासून ती एकटी येत होती. मी एक कळा उभा चिरून तिला दाखवला. त्याचा देठ मुळासारखा लांब, खाली मळ्यापर्यंत पोचणारा. माझ्या आनंदाला त्या दिवशी पारावार नव्हता.

शब्द दिल्याप्रमाणे मी कुणाला अक्षर सांगितलं नाही. मी फक्त कुड्याला लाल फीत बांधली. नंबर त्रेचाळीस.

दिवाळीनंतर तिथे गेलो तर फितीच्या गाठीवर कुंकू लागलेलं होतं. मी मनाशी हसलो. मला तेव्हाच कळायला हवं होतं. आमच्या पेडणे तालुक्यात सातेरी देवी रोयणीच्याच रूपात असते. कित्येक देवळांच्या गाभाऱ्यात मूर्ती नाही, रोयण आहे. वाटेवरच्या रोयणीला कुणी पाय लावत नाही, आणि अशा रोयणीवर कुणीतरी लाल वस्त्र बांधलेलं दिसलं तर आमचा माणूस नंबर वाचायला थांबेल की हात जोडेल? मीसुद्धा लहानपणी हातच जोडले असते. शिमग्यापर्यंत तिथे पणती आली, नारळ आले, करवंदीची जाळी कुणीतरी तोडून वाट साफ केली. त्रेचाळीस आकडा कसला, यावर दोन मतं होती. दोन्ही इथे लिहिण्यासारखी नाहीत.

मग चैत्रात चिरे येऊन पडले. वाळू आली, सिमेंटची पोती आली. रोयणीभोवती चौथरा बांधायचा, वर लाद्या बसवायच्या आणि घुमटी उभारायची, असं वाड्याने ठरवलं. काकी त्या संध्याकाळी आमच्याकडे आली आणि ओसरीवर न बसता उभीच राहिली.

‘फीत तू बांधलस?’

मी होकारार्थी मान हलवली.

‘सिमेंट घातल्यार हवा बंद जातली. तूच सांगलेलंस.’

‘हो.’

‘मगे आता तूच निस्तर.’

देवळाच्या चौकात बैठक होती. मी उठून सगळ्यांसमोर सांगितलं की ते देवीचं वस्त्र नव्हे, माझी फीत आहे, खाणीवरची, आणि पुरावा म्हणून खिशातून रीळ काढून दाखवलं. मग देवस्थानचे एक वयस्कर मानकरी अगदी प्रेमाने म्हणाले, ‘अरे, तू बांधलंस असा तुका वाटता. देवीन तुझ्या हातान बांधून घेतल्यान. एवड्या डोंगरात तुका तीच रोयण कशी गावली?’

यावर सगळा चौक समाधानाने हलला. मला ती रोयण कशी सापडली हे सांगायचं तर काकीचं नाव घ्यावं लागणार होतं. मी दुसरीकडून शिरलो. म्हटलं, आत जिवंत वाळवी आहे, वरून सिमेंट घातलं तर ती मरेल. झालं! देवीच्या अंगाला वाळवी म्हणतो म्हणून दोघेजण उठून उभे राहिले. मला राग आला आणि राग आला की मी शिक्षकासारखा बोलायला लागतो, हा माझा जुना दोष. आर्द्रता, तापमान, कर्बवायू. माझ्या प्रत्येक शब्दासरशी एकेक तोंड माझ्याकडून वळत होतं, हे मला दिसत होतं आणि तरीही थांबवत नव्हतं.

तेव्हा बायकांच्या बाजूने काकी उठली. तिने पदर खांद्यावर ओढून घेतला.

‘त्या रोयणीर अळमीं येतत,’ ती म्हणाली. ‘मोठीं. मिया सासू गेल्यापासून थंयसूनच काढतंय. देवी थंय जिती आसा म्हणून येतत. लादी घातलास तर येवची नाय. मगे पुजा कोणाची करतल्यास? लादयेची?’

बायका एकमेकींकडे पाहत होत्या. इतक्या वर्षांची जागा ती, जाण्यायेण्याच्या वाटेवरची, आणि आज ती काकीने स्वतःच्या तोंडाने सांगून टाकली होती. तिच्या थोरल्या सुनेने कपाळावर हात मारून घेतला. मी मान खाली घातली. शब्द मी मोडला नव्हता, पण तिचं गुपित तिनेच फोडावं अशी वेळ तिच्यावर आणली होती, आणि ते जास्त वाईट होतं.

मानकऱ्यांनी देवीला प्रसाद लावायचं ठरवलं. पाण्यात भिजवलेल्या फुलाच्या पाकळ्या देवीला चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार. ‘उघडीच ठेवायची काय?’ असं विचारलं. आम्ही सगळे ताटकळत उभे होतो. काकीने डोळे मिटले होते. पाकळी उजवी पडली.

मला हायसं वाटलं. घुमटी रद्द झाली, चिरे शाळेच्या कुंपणाला द्यायचे ठरले. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, ‘मगे थंयची अळमीं देवीची. हात कोण लावतलो?’ कुणी वाद घातला नाही. प्रश्न बरोबरच होता. सगळ्यांनी काकीकडे पाहिलं आणि तिनेच पहिल्यांदा मान डोलावली. तिच्या बाजूने बोलायला मी तोंड उघडलं होतं, पण आधीच इतकं बोलून बसलो होतो की माझं मला ऐकवेना.

श्रावणात मी रोज सकाळी तिथे गेलो. पाऊस चांगला झाला होता. कळे आले, वाढले, आणि त्या रोयणीवर बहुधा पहिल्यांदाच कुणी ते काढले नाहीत. छत्र्या उघडल्या, तळहाताएवढ्या झाल्या, कडा फाटल्या. मी रोजची उंची मोजली, खाली कागद ठेवून बीजाणूंचा ठसा घेतला, गोगलगायी कधी येतात तेही लिहिलं. कळ्यापासून कुजण्यापर्यंतचा सगळा प्रवास सलग पाहायला मिळणं म्हणजे माझ्यासारख्याला पर्वणीच. खोटं कशाला बोलू, त्या आठवड्यात मी फार सुखात होतो.

पाचव्या दिवशी मागे पावलं वाजली. काकी होती. टोपली नव्हती. आधी तिने रोयणीला हात जोडले, मग एका दगडावर बसून उघडलेल्या छत्र्यांकडे पाहत राहिली.

‘कितलीं आसत?’

‘एकशे सतरा.’

‘एवडीं?’ ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, ‘मिया हेंका कधी उमलाक दिलंयच नाय. आज पयल्यांदा बघतंय.’

‘छान दिसतात ना?’ मी विचारलं. मला खरंच वाटत होतं की तिलाही आनंद झाला आहे.

‘दिसतत छान,’ काकी म्हणाली. ‘पण मिया कधी बघूक येय नाय हय. खावक येय.’

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. मी आधाराला हात पुढे केला, तो तिने घेतला, उतार संपेपर्यंत धरून ठेवला आणि मग सोडला. माझ्याकडच्या सगळ्या वह्यांत त्या रोयणीची त्या आठवड्यातली नोंद सर्वांत पूर्ण आहे. एकही दिवस सुटलेला नाही. त्या श्रावणात काकीच्या घरात अळमी शिजली नाहीत.