पाटाच्या वरचं गाव

कोल्हारच्या रंगुबाईंना साठी ओलांडेपर्यंत नुसतं फिरायला जाणं माहीत नव्हतं. चालायचं ते कामासाठी, रानात नाहीतर बाजाराला. मालक अचानक गेले आणि त्या घरातच बसून राहू लागल्या. जेवण कमी झालं, बोलणं तुटलं. तेव्हा शेजारची अश्विनी, शाळेत शिकवणारी, रोज सकाळी दारात येऊन उभी राहायची.

"काकू, चपला घाला. पाटाच्या कडेनं पुलापर्यंत जाऊन येऊ."

"तुला काय काम न्हाई का गं?" असं म्हणत त्या निघायच्या. हळूहळू गल्लीतल्या बायका जमत गेल्या, आणि रंगुबाईंना सकाळची भूक लागू लागली.

मागच्या हिवाळ्यात अश्विनीनं सगळ्यांना घाटघरला न्यायचं ठरवलं. तिथून सडा, म्हणजे कड्यावरचं उघडं पठार, ओलांडून साम्रद, मग दरी उतरून भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी रतनवाडी. दिवसभराची चाल. रंगुबाईंनी सुनेकडून बूट घेतले, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली.

घाटघरच्या जलाशयावर अजून धुकं होतं. पुढं कड्यावरून खालचं कोकण दिसलं. सड्यावर वाळलेलं गवत कमरेला लागत होतं आणि वारा पदर राहू देत नव्हता. बायका गाणी म्हणत होत्या, रंगुबाईही म्हणाल्या. इतक्या दिवसांनी आपला आवाज ऐकून त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

साम्रदच्या पुढं उतार लागला आणि ओढ्यातल्या एका गुळगुळीत कातळावर त्यांचा पाय घसरला. त्या मटकन खाली बसल्या.

"तुमी व्हा पुढं. माझ्यानं न्हाई व्हायचं."

कुणीच पुढं गेलं नाही. सगळ्या तिथंच बसल्या, कुणी पाय चोळले, कुणी पाणी दिलं. तेवढ्यात वरून गवताचा भारा घेऊन एक म्हातारी उतरत आली. रतनवाडीकडच्या वाडीतली दगडाबाई. तिनं भारा खाली टाकला आणि रंगुबाईंपुढं हात केला.

"खाली बघू नको बये. माझ्या पाठीकडं बघ. मी पाय ठेवते तिथंच ठेव."

मागून अश्विनीनं कंबर धरली, पुढं दगडाबाई. असा तो कातळ उतरला. खाली आल्यावर दगडाबाई भाऱ्यासाठी परत वर चढली, आणि ती खाली येईपर्यंत रंगुबाई तिथंच थांबल्या.

पाण्याकाठी सगळ्यांनी मिळून शिदोरी सोडली. रंगुबाईंनी आपली अर्धी भाकरी दगडाबाईला दिली.

"कुठल्या गं तुमी?"

"कोल्हारच्या. प्रवरेकाठच्या. आमचा ऊस, जनावरांचा घास, समदं पाटाच्या पान्यावर."

"मंजी ह्याच पान्यावर." दगडाबाईनं जलाशयाकडं हात केला. "ह्याच्याखाली आमच्या आजेसासऱ्याची भाताची खाचरं हायत. धरण झालं आन् मानसं वर सरकली."

रंगुबाईंच्या हातातला घास तसाच राहिला. सासरी आल्यापासून त्या पाटाला नारळ फोडत आल्या होत्या. पण पाण्यासाठी कुणी जागा सोडली असेल, हे कधी मनात आलंच नव्हतं.

"आमी तुमचं खातोय की गं इतकी वर्सं," त्या म्हणाल्या आणि हात जोडले.

दगडाबाई संकोचली. "मी कुठं काय दिलं? ते म्हाताऱ्यांच्या येळचं. आन् पानी खाली जाऊन काय करतं, ते म्यां कधी बघितलंबी न्हाई."

"मग या की. माझ्या घरी या, मी दाखवते."

निघताना असं सगळेच म्हणतात. पण रंगुबाई विसरल्या नाहीत. दगडाबाईच्या नातीचा मोबाईल नंबर अश्विनीनं निघतानाच लिहून घेतला होता. त्यावर त्या दर आठवड्याला बोलत राहिल्या, भाताविषयी, गुडघ्याविषयी, नवरा गेल्यावर घर कसं होतं त्याविषयी. दगडाबाईचाही गेलेला होता.

पाटाला उन्हाळी आवर्तन, म्हणजे धरणाचं पाणी, सुटलं त्या आठवड्यात दगडाबाई नातीबरोबर एसटीनं आली, फडक्यात आपला तांदूळ बांधून. गल्लीतल्या सगळ्या बायका स्टँडवर गेल्या होत्या. रंगुबाई तिला थेट रानात घेऊन गेल्या. पाटातून सुटलेलं पाणी उसाच्या सरीत शिरत होतं. दगडाबाईनं बांधावर वाकून त्या पाण्यात हात घातला.

"लई लांब आलं की गं," ती म्हणाली.

संध्याकाळी तोच तांदूळ शिजला. अश्विनी आणि बाकीच्या बायका जेवायला होत्या. रंगुबाईंनी पहिलं ताट दगडाबाईपुढं ठेवलं, दुसरं अश्विनीपुढं, आणि मग आपलं वाढून घेतलं.