स्टेशनातली पाळण्याची कडी

आमच्या गावातलं जुनं रेल्वे स्टेशन वाचलं, म्हणून सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. मी थँक यू म्हणाले आणि घरी येऊन भांडी आपटली.

इंडियानातलं हे गाव एवढंसं. मधे कोर्टाची घुमटवाली इमारत, भोवती लाल विटांची दुकानं, त्यातली निम्मी बंद, आणि पार टोकाला हे स्टेशन. पॅसेंजर गाड्या कधीच्याच बंद झालेल्या. मक्याच्या मालगाड्या तेवढ्या न थांबता धडधडत जायच्या. आमची इथे मोजकी मराठी घरं, सगळे इथल्या एका कारखान्याच्या आयटीत. सिटी, म्हणजे इथली नगरपालिका, स्टेशनाचा वेटिंग हॉल स्वस्तात भाड्याने द्यायची, म्हणून गणपती, हळदीकुंकू, सगळं तिथेच. मालगाडी आली की हॉल हादरायचा आणि आरती मधेच थांबायची. गाडी गेली की पुढे सुरू.

माझ्या पहिल्या मुलीचं बारसं तिथेच झालं. घरी पाळणा टांगायची सोय नव्हती. इथल्या घरांची छतं म्हणजे पुठ्ठाच, खिळा मारला तर नुसती पांढरी पूड पडते. स्टेशनाला मात्र चांगल्या जाडजूड लाकडी तुळया. नवऱ्याने शिडीवर चढून मधल्या तुळईला लोखंडी कडी बसवली आणि स्वतः लोंबकळून बघितलं. नणंदेला व्हिसा मिळाला नाही, म्हणून शेजारच्या काकू आत्या झाल्या. नाव सांगायच्या वेळी नेमकी मालगाडी आली. काकू बाळाच्या कानाशी वाकून तशाच थांबल्या, आम्ही सगळे हसत उभे. गाडी गेली आणि मग त्यांनी कुर्रर्र करून नाव घेतलं.

ती मुलगी वर्षाची झाली नाही. हृदयच कमकुवत होतं तिचं. अस्थी सासऱ्यांनी नाशिकला नेल्या. या गावात तिचं म्हणून काही उरलं असेल, तर ती कडी. पुढे त्याच कडीला इतरांच्या किती पोरांचे पाळणे टांगले गेले! दरवेळी मी वर बघायचे. वाईटही वाटायचं, बरंही वाटायचं.

मग सिटीने ठरवलं, स्टेशन पाडायचं आणि पार्किंग करायचं. माझं डोकंच फिरलं. जन्मात कधी मीटिंगमध्ये तोंड न उघडणारी मी, गावच्या इतिहास मंडळातल्या एका गोऱ्या आजींबरोबर दारोदार सह्या गोळा करत हिंडले, तेही बर्फातून. मुलीनंतर झालेला माझा मुलगा म्हणाला, "मॉम, इट्स जस्ट अ हुक." मी म्हटलं, "तू गप बस."

सिटीच्या सुनावणीत आजी या फलाटावरून युद्धावर गेलेल्या सैनिकांबद्दल बोलल्या. मी कडीबद्दल बोलले. बोलता बोलता रडले. समोर बसलेल्या एका मेंबरबाईंनी डोळे पुसले. स्टेशन वाचलं.

वाचलं म्हणजे काय, तर दुरुस्तीला अनुदान मिळालं. आणि त्याची अट अशी, की इमारत बांधली तेव्हा होती तशीच करायची, नंतरचं जे जे काही असेल ते काढून टाकायचं. हे मला कोणी सांगितलंच नाही. काम चालू असताना आत सोडत नव्हते. मी सिटीत दोनदा फोन करून कडीची आठवण करून दिली, तर गोड आवाजात म्हणाले, काळजी करू नका, सगळं नीट होईल. मेल्यांनो!

उद्घाटनाला नवरा आणि मी नटूनथटून गेलो. दाराशी चकचकीत पितळी पाटी. तिच्यावर रेल्वे आली कधी, सैनिक गेले कधी, सगळं होतं. शेवटी लिहिलं होतं, की शेवटची पॅसेंजर गाडी गेल्यानंतर नूतनीकरण होईपर्यंत ही वास्तू रिकामी पडून होती.

"रिकामी होती म्हणे!" मी ओरडलेच. "मग आम्ही काय भुतं होतो का रे?" लोक वळून बघायला लागले. नवऱ्याने कोपराला धरून मला आत नेलं.

आत सुंदर झालं होतं, खोटं कशाला बोलू. आम्ही गणपतीसाठी घातलेला ओटा गेला होता. जुनी बाकं परत आली होती. तुळया घासून पॉलिश केलेल्या, एकूण एक भोक बुजवलेलं. तेवढ्यात मालगाडी आली. बाकी लोक हातात ग्लास घेऊन मोठमोठ्याने बोलतच राहिले. आम्ही दोघंच सवयीने गप्प उभे राहिलो.

गाडी गेल्यावर नवरा वर बघत हळूच म्हणाला, "अगं, नक्की कुठे होती गं?"

त्यानेच बसवलेली. मी मधल्या तुळईखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, परत आले, मान दुखेपर्यंत वर बघत राहिले. काम इतकं सफाईदार, की मला जागा दाखवता आली नाही.