मक्याच्या बुडाचं भेव

आत्याबाईंना सापाचं भेव नव्हतं, अंधाराचं नव्हतं. मक्याच्या बुडाचं होतं. मका कापणीला आला की त्या वावराच्या बांधावर, धुऱ्यावर उभ्या राहत, गुडघ्यावर हात ठेवत आणि ओरडत, "एथून काप रे! खालचं वावरालेच राहू दे!" आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची विधवा बहीण. मी पांढुर्ण्याहून सौंसरजवळच्या त्या गावात सून म्हणून आले, तेव्हा अख्खं गाव त्यांना गुडघाआत्या म्हणायचं.

कापणारे गडी मुद्दाम छेडायचे. "गुडघा कोणाचा, आत्याबाई? तुमचा का गंगारामचा?" गंगाराम गावातला सगळ्यांत उंच गडी. "गंगारामचाच धरा, मेल्याहो!" म्हणून त्या स्वतःही हसायच्या. पण कोणाचा विळा खाली गेला की त्यांचं तोंड पांढरं पडायचं.

त्यांच्या सासरी एका साली पावसानं फार ताण दिला होता. मग पाऊस आला, आणि घरच्यांनी लगेच मका बुडापासून कापून गाईला घातला. दुपारी गाय धापा टाकत गव्हाणीपाशीच कोसळली. कोणीतरी कान चिरून पाहिला, तर रक्त काळ्या चहासारखं निघालं. "टोपलं मीच ठेवलं होतं माय तिच्यापुढं," त्या सांगायच्या, आणि सांगताना हात पदराला पुसत राहायच्या.

ऐंशी सालानंतर एकदा आमच्याकडेही तसंच झालं. मक्याची पानं सुरळीसारखी वळली, आणि मग एकदम पाऊस कोसळला. चारा आधीच कमी, म्हणून आमचे हे बुडापासून कापायला निघाले. आत्याबाईंनी त्यांना सौंसरला ढोरांच्या डॉक्टरकडे पिटाळलं. डॉक्टर म्हणाले, ताण पडल्या मक्याचं जहर बुडातच साठतं, उंच कापा. शिवाय बुडात नुसता चोथा, तो वगळला तर मुरघास, म्हणजे खड्ड्यात मुरवलेला चारा, दुधाला चांगला. ह्यांनी तोंड वाकडं करून ऐकलं. मका गुडघ्यावरून कापला, कुट्टी करून खड्ड्यात तुडवला, वरून मेणकापड नि माती. त्या दिवशी आत्याबाई पोटभर जेवल्या.

मग पोळा आला. त्या दिवशी बाकीच्या ढोरांनाही कापल्या वावरात मोकळं सोडायची आमच्या घरची रीत. ह्यांनी चंद्री म्हैस सोडली. माझ्या अंगावर दूध नव्हतं. तान्ही लेक चंद्रीच्याच दुधावर वाढत होती. आम्ही दोघी पुरणपोळ्या लाटत होतो. आत्याबाईंनी सहज विचारलं, "चंद्री कुठं हाय रे?"

"मक्याच्या वावरात. मजेत चरून राहिली," हे म्हणाले.

आत्याबाईंच्या हातातलं लाटणं पडलं. "अवं माय! बुडखे तिथंच उभे हायेत ना!" आणि त्या पिठाच्या हातांनी तशाच धावत सुटल्या. आमचं सगळं भेव गव्हाणीपुरतं होतं हो. जहर म्हणून जे सोडलं, ते वावरातच होतं, आणि हे त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

चंद्री पाय फाकवून उभी होती. तोंडाला फेस, कुशी भात्यासारख्या हलत होत्या. हे सायकल घेऊन डॉक्टरकडे पळाले. आत्याबाईंनी तिच्या गळ्याला मिठी मारली. "पडू नको माय, पडू नको, लेकरू हाय घरात." मला तर काही सुचेना. चंद्री झुकली की मला पाळण्यातली लेकच दिसायची. मी मातीतच बसले. डॉक्टर आले, त्यांनी शिरेत निळं औषध सोडलं. दिवेलागणीला चंद्री पाणी प्यायली, तेव्हा कुठं आत्याबाईंनी हात सोडला. तिच्या काळ्या मानेवर पीठ तसंच चिकटलं होतं.

चंद्री वाचली. आत्याबाईंनी एकूण एक बुडखा उपटवून जाळला. पण त्यानंतर त्या नीट झोपल्याच नाहीत. मुरघास उघडला, म्हैस आवडीनं खाऊ लागली, दुधावर साय जाड धरू लागली, तरी टोपलं संपेपर्यंत त्या तिच्याजवळ बसून राहायच्या. "आज झालं नाही. उद्याचं कोण सांगे?"

त्याच हिवाळ्यात त्या अंथरुणाला खिळल्या. जायच्या आदल्या दिवशी मला जवळ बोलावलं. "ह्या घरात कोणीच भेत नाही वं. मी गेली की तू भेत जाय." मी हो म्हटलं.

आता लेकीलाही लेकरं झाली. मका कापणीला आला की मी धुऱ्यावर जाते, हात आपोआप गुडघ्यावर जातो. गंगारामचा नातू विळा थांबवून विचारतो, "गुडघा कोणाचा, आजी?"

आत्याबाई निदान हसायच्या तरी. मला तेही जमत नाही.