हळद लागलेली बंदूक

विचार करायचा झाला की तो डावा डोळा मिटायचा. साधा नाही, असा घट्ट मिटायचा की अर्धं तोंड त्या डोळ्याकडे ओढलं जायचं. मग उजव्या हाताचं बोट गुडघ्यावर वाकडं करायचा आणि म्हणायचा, "थांब गा, इचार करून राहिलो."

पोरगी पाहायला गेला तिथंही त्यानं हेच केलं. पोरीच्या मामाला वाटलं, हा भर बैठकीत डोळा मारून राहिला. मामा काठी घेऊन उठला. पोरगीच आतून बोलली, "राहू द्या ना मामाजी, त्याचा डोराच तसा असल." तीच पुढे त्याची बायको झाली आणि जन्मभर त्याचा तो मिटलेला डोळा उघडायची वाट पाहत बसली.

असा माणूस तुम्हीही कुठंतरी पाहिला असेल. आमचा हा शेजारी होता. घराची भिंत एक आणि शेताचा धुरा, म्हणजे मधला बांधही एक. मी चार बुकं शिकलेला माणूस, लिहिण्यात चुकलो तर चुकलो. त्याच्यावर लिहायला शिक्षण लागत नाही, त्याच्याजवळ बसलेला माणूस लागते.

आमचं गाव नवेगाव बांधाच्या इकडं. धानाच्या बांध्या संपल्या की लगेच जंगल. धान भरत आलं की रानडुकरं उतरतात. खातात थोडं, लोळतात जास्त. एका साली त्यांनी त्याचं शेत असं झोपवलं की कापायला काही उरलंच नाही. वर्षभर दोघं नवराबायको मोहफुलं आणि कंद खाऊन राहिले. तेव्हा त्यानं ठरवलं, बंदूक घ्यायची. राज्य इंग्रजाचं होतं, परवान्याचे कागद भंडाऱ्याला जायचे. ते जाऊन येईपर्यंत आणखी एक पीक लोळून झालं. शेवटी परवाना आला आणि तो नागपूरच्या एका दुकानातून एकनळी बंदूक घेऊन आला.

आता तुम्ही म्हणाल, बंदूक आणली की माणूस आधी बार काढून पाहते. आमच्याकडे तसं नाही. नवी वस्तू पुजल्याशिवाय वापरायची नाही. दसरा जवळच होता. म्हणून बंदूक तोपर्यंत धानाच्या कोठीवर झोपून राहिली आणि तो रोज तिच्यावरून हात फिरवत राहिला.

दसऱ्याला त्याच्या बायकोनं तिला जवसाचं तेल चोळलं. नवरीला चोळतात तसं, कानाकोपऱ्यात. माझी बायको ताट घेऊन गेली. तिनं नळीला हळदकुंकू लावलं, घोड्याला लावलं, चाप सापडला तर त्यालाही लावलं. वरून अक्षता टाकल्या. मग सगळं गाव बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या पाळीवर जमलं. बायकांनी कानात बोटं घातली, कुत्रे घरात कोंडले. त्यानं डोळा मिटला, बंदूक आभाळाकडे धरली आणि चाप ओढला.

टक.

सुपारी फोडल्यासारखा आवाज आला. त्यानं काडतूस बदललं. पुन्हा टक. एक म्हातारा कानात बोटं घालून उभा होता, तो दोघं-चौघं घरी निघाले तरी विचारून राहिला, "झाला का गा बार? झाला का?"

त्या दिवसापासून गावात एकच विषय. वापस करायची का दुरुस्त करायची? अर्धे म्हणत, दुकानदारानं फसवलं, वापस कर. अर्धे म्हणत, चांगल्या बंदुकीला जवसाचं तेल पाजलं, आता दुकानदार जोड्यानं मारील. तो दोन्हीकडच्यांचं ऐकायचा आणि दोघांनाही "बराबर हाये" म्हणायचा.

धान तर भरून राहिलं होतं. सकाळी आम्ही धुऱ्यावर भेटलो की मी विचारायचो, "का ठरलं?"

"वापस करतो. पण बंदुकीचा नंबर परवान्यावर लिवला हाये. बंदूक बदलली की कागद पुन्हा भंडाऱ्याले. डुकरं काय कागदाची वाट पाहतेत का?"

"मंग दुरुस्त कर."

"दुरुस्तीले खोलली, मंग दुकानदार वापस घेईल का?"

"नाई घेणार."

"तेच तर. थांब गा, इचार करून राहिलो."

मला राग यायचा. मी म्हणायचो, "तुया इचार होईपर्यंत डुकरं तुयं धान खाऊन, जेवण कसं झालं ते सांगाले येतील घरी."

शेवटी एक दिवस त्यानं बंदूक गोधडीत गुंडाळली आणि म्हणाला, "चाल, वापस." मी बंडी जुंपली. स्टेशनवर आलो. तुम्ही आमची छोटी गाडी पाहिली असेल तर माहीत असेल, ती येते म्हणजे चालत आलेल्या बैलासारखी येते. गाडी उभी राहिली. ह्यानं एक पाय पायरीवर ठेवला आणि डोळा मिटला.

गार्ड ओरडला, "अरे दादा, बैठना है कि नहीं?"

"थांबा जी, इचार करून राहिलो."

गार्डला वाटलं, हा आपल्यालाच डोळा मारून राहिला. त्यानं शिटी मारली, झेंडी हलवली आणि गाडी गेली. ह्याचा पाय हवेतच राहिला होता. मी बंडी वळवली. अर्ध्या वाटेवर तोच म्हणाला, "गेलोच असतो, पण गाडी लवकर सुटली."

घरी आलो तर माझी बायको ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. त्यानं गोधडी तिच्यासमोर ठेवली. "वहिनी, तुमीच सांगा आता. वापस का दुरुस्त?"

तिनं गोधडीचं टोक उचलून पाहिलं. नळीवर तिच्याच हातचं कुंकू होतं. म्हणाली, "हिले हळद लागली ना जी भाऊजी? हळद लागलेली पोरगी वापस धाडतेत का? मुकी निघाली तरी आता घरचीच."

झालं. वापसीचा प्रश्न मिटला. गावातल्या शहाण्यांना जे जमलं नाही ते तिनं तांदळातला खडा काढता काढता करून टाकलं. तिची ती रीतच होती. माझेही पुष्कळ प्रश्न तिनं असेच काढून फेकले. आता खडे माझ्या दाताखाली येतात.

मग आम्ही लोहाराकडे गेलो. लोहारानं बंदूक उलटीसुलटी केली, घोडा ओढला, कान लावला. म्हणाला, "आतली कमान मेली हाये हिची. घोड्यात जीव नाई. मी दुसरी बसवून देतो."

"मंग बार होईल ना गा?"

"होईल. समोरून होईल का मांगून होईल, ते आता नाई सांगता येत. तूच बार काढून पाहून घे. मी त्या दिवशी साकोलीले पाहुणा जाऊन राहिलो."

त्यानं डोळा मिटला. लगेच उघडला. इतक्या लवकर विचार झालेला मी तेवढ्या एकाच वेळी पाहिला. बंदूक उचलून सरळ घरी.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी माझ्या मचाणावर होतो, तो त्याच्या. धुकं होतं. कळप जंगलातून आला आणि सरळ त्याच्या बांधीत शिरला. पिवळं झालेलं धान कडकड मोडायला लागलं. तो उभा झाला. बंदूक खांद्याला लावली. मला माहीत होतं काय होणार ते. त्यालाही माहीत होतं. तरी त्यानं डोळा मिटून नेम धरला, चाप ओढला.

टक.

एका डुकरानं मान वर केली, पाहिलं आणि पुन्हा खाऊ लागलं. तेव्हा त्याच्या पोटातून, साऱ्या वर्षाच्या भुकेतून आवाज निघाला, "ठोऽऽ!"

मी मचाणावरून खाली पडलो. डुकरं अशी पळाली की धुऱ्यावरचं कुंपण घेऊन गेली. तो तिथं बंदूक धरून उभा, आणि मला ओरडून सांगून राहिला, "लागली! लागली गा बंदूक!"

त्या साली त्याचं धान घरी आलं. बंदूक मग वापसही झाली नाही, दुरुस्तही झाली नाही. नेमानं दर साली तो मचाणावर बसायचा. आधी टक, मग ठो. मी त्याला म्हटलं, "आवाजच काढायचा हाये तं बंदूक कायले पायजे?" तर रागावला. म्हणे, "बिना बंदुकीचा ठो कराले मी पागल हाओ का?" आणि खरं सांगतो, एकदा तो आजारी असताना मी त्याच्या मचाणावरून नुसता ठो केला. डुकरं हललीसुद्धा नाहीत.

माझी बायको गेली तेव्हा तो ओसरीवर येऊन बसला. लोक येत होते, बोलत होते, जात होते. मी पाहिलं, त्यानं दोन्ही डोळे मिटले होते. उठताना एवढंच म्हणाला, "आता कोनाले इचारायचं गा?"

मग तोही गेला. पावसाळ्याच्या शेवटी ताप भरला आणि दसऱ्याच्या आधीच आटोपलं. परवाना ज्याच्या नावाचा तो गेला, तर बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. त्याच्या बायकोनं ती पुसून बाहेर आणली आणि माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "घरची पोरगी जाऊन राहिली, तिले कुंकू तं लावाले पायजे. मले आता चालत नाई. आन वहिनी नाई राहिल्या."

मग मीच लावलं. पुरुषाच्या अंगठ्यानं जसं लागते तसं, तिरपंच लागलं. ती म्हणाली, "राहू द्या, चालते."

ठाण्यातल्या हवालदारानं परवाना पाहिला, नळीवरचं कुंकू पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बंदूक खिडकीबाहेर धरून त्यानं चाप ओढला.

टक.

मी सवयीनं वाट पाहत राहिलो.

"बिगडेल हाये का ही?" हवालदारानं विचारलं.

"नाई जी," मी म्हटलं. "चांगली हाये. अर्धीच आणली. अर्धी नदीवर जाळून आलो."