धुरपदाला मी मारलं

हे बायकोलाही ठाऊक नाही, म्हणजे कोणालाच नाही. आणि आधीच सांगतो – ‘खेळच तर होता’ असं म्हणणार असाल तर पुढे वाचू नका. ते मी स्वतःला पुष्कळदा म्हणून पाहिलंय, आणि दर वेळी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटलीय.

दर रविवारी दुपारी आमच्या अडाजणच्या फ्लॅटवर आम्ही चौघं फासे घेऊन बसतो. माझ्या बँकेतला केतन, त्याची बायको हेतल, माझी रूपाली आणि मी. ते तिघं एकेक पात्र घेतात. गोष्ट मी चालवतो, नियमही मीच सांगतो. नियमांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक माझ्याकडे. रूपालीला वाचता येत नाही असं नाही हो – पण नवऱ्याने वाचलंय ना, मग झालं. हा विश्वास! त्याचाच मला आज राग येतो. तिचा नाही, माझा.

रूपाली याच शहरातल्या उधन्याची. वडील धुळ्याहून कापडाच्या लूमवर कामाला आलेले, घरात सगळे अहिराणी बोलणारे. मी नाशिकचा, बँकवाल्यांच्या घरातला. लग्न ठरलं तेव्हा मी तिला म्हणालो होतो, ‘आमच्याकडे जरा नीट बोल हं.’ नीट! ती बोललीही. वर्षानुवर्षं नीट बोलली.

आणि मग या खेळात तिने धुरपदा काढली. डोंगरातली, हातात कुऱ्हाड, वाटसरूंना घाट पार करून देणारी. धुरपदाने तोंड उघडलं आणि माझी बायको माझ्याच टेबलावर अहिराणी बोलायला लागली – मोठ्याने, हसत, हात उडवत. ‘मना मांगे ऱ्हा. मी शे ना आठे.’ माझ्या मागे राहा, मी आहे ना इथे. केतन-हेतल तर वेडेच झाले. केतन बँकेत काउंटरवरसुद्धा म्हणायचा, ‘मी शे ना!’ सगळे हसायचे. मीही हसायचो, आणि आतून जळायचो. कशाने? बायकोच्या बोलीची लाज? की माझ्या गोष्टीत माझ्याकडे कोणी बघतच नव्हतं, म्हणून? दोन्ही. नीचपणाला एकच कारण पुरत नाही.

आता नियम ऐका, तो समजल्याशिवाय माझा गुन्हा कळायचा नाही. पात्राला ताकद, चपळाई, काटकपणा असे गुण असतात. पात्राकडे ‘जीव’ किती, हे काटकपणावर ठरतं – काटक माणूस जास्त मार सोसतो, इतकं सरळ. खेळता खेळता पात्र एकेक लेव्हल वर चढतं, आणि प्रत्येक लेव्हलला काटकपणाची भर जिवात पडते. आठव्या लेव्हलला रूपालीला एक गुण वाढवायची संधी आली. ताकद वाढवली असती तर कुऱ्हाडीचा घाव जबर झाला असता. तिने काटकपणा वाढवला. म्हणाली, ‘मीच पडले तर मागच्यांचं काय?’

काटकपणाची भर एकाने वाढली, की ती मागच्या सगळ्या लेव्हलना धरून मिळते. आठ लेव्हल, आठ जीव. पुस्तकात स्वच्छ लिहिलंय. मी वाचलं होतं, आणि तिच्या डोळ्यांत बघून म्हणालो, ‘मागचं गेलं. या लेव्हलचा एकच मिळेल.’

ती ‘बरं’ म्हणाली आणि कागदावर एक वाढवला. सात मी खाल्ले.

दोन-तीन रविवारांनी खिंडीत राक्षस आला. केतनचं पात्र जखमी होऊन पडलेलं, धुरपदा त्याच्यापुढे उभी. फासे मी सगळ्यांसमोर टाकले – बघा किती प्रामाणिक! आमच्याकडे जीव संपला की पात्र मेलं. तिला तीन जीव कमी पडले.

रूपाली कागदाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, ‘पुन्हा एकदा मोजू का?’

‘मोज की,’ मी म्हणालो. कारण बेरीज बरोबरच येणार, हे मला माहीत होतं. तिने बोटांवर मोजलं, मान हलवली आणि धुरपदाचा कागद घडी करून फळांच्या टोपलीखाली सरकवला. तेव्हा तोंड उघडता आलं असतं. मी सगळ्यांना चहा विचारला.

माझा अंदाज होता, आठवडाभर रुसेल. रुसली नाही. पुढच्या रविवारी तिने नवं पात्र आणलं – राजाच्या दरबारातली लेखनिक. ती छापील मराठी बोलते. अगदी माझ्यासारखी.

परवा हेतलने विचारलं, ‘ए रूपाली, धुरपदा कशी बोलायची गं? बोलून दाखव ना.’

‘आता नाही आठवत,’ रूपाली म्हणाली.

त्याच सकाळी ती गॅलरीचं दार लावून घेऊन आईशी फोनवर बोलत होती, अर्धा तास, अहिराणीत. मी ऐकलं होतं. तरी मी पान उलटलं आणि म्हणालो, ‘चला, कोणाची पाळी?’